आधी वारा अडवा, मग झाड लावा

मे महिन्यात पालम तालुक्यातल्या काळ्या रानात हाताचा पंजा आत जाईल एवढ्या भेगा पडतात. या चिकणमातीतले मॉन्टमोरिलोनाइट खनिज पाणी मिळाले की फुगते, वाळले की आकसते. आकसणारी माती कोवळी मुळे तोडते आणि भेगांतून खोलवरची ओल उडून जाते. त्यात दुपारच्या झळा. मग रोज बादलीभर पाणी घालूनही परसातला गुलाब करपतो.

समुद्रकाठी बाग करणाऱ्यांनाही उघड्या वाऱ्याचाच त्रास. ते आधी वाऱ्याचा बंदोबस्त करतात. पक्क्या भिंतीवर आदळलेला वारा वरून उसळतो आणि पलीकडे भोवरे करत खाली येतो. फटी असलेले कुंपण मात्र वारा गाळून त्याचा जोर मोडते. आपली तुराट्यांची ताटी नेमके हेच करते. दीड मीटर उंच ताटीच्या आड दहा-बारा मीटरपर्यंत वारा मंदावतो. तिच्या आडोशाने मेंदी किंवा करवंद लावले, तर ताटी मोडेपर्यंत जिवंत कुंपण उभे राहते.

दुसरे काम माती झाकण्याचे. इंग्लंडमधल्या एसेक्स परगण्यात वर्षाला जेमतेम 500 मिलिमीटर पाऊस पडतो. तिथे बागकार बेथ चॅटो यांनी 1990 च्या दशकात गाड्या लावायच्या जागेवर खडी पसरून बाग फुलवली. रुजलेल्या झाडांना वरून पाणी द्यायचे नाही, हा त्यांचा नेम होता. आपल्याकडे पाऊस त्याहून जास्त, पण तो चार महिन्यांत येऊन जातो. खडीऐवजी सोयाबीनचे भुसकट चार बोटे जाड पसरावे.

झाडेही काटकसरी हवीत. कण्हेरीच्या पानांची श्वासछिद्रे लवभरल्या खळग्यांत दडलेली असतात. कोरफड ती बहुतेक रात्रीच उघडते. सीताफळ उन्हाळ्यात पाने गाळते. कण्हेर विषारी आहे, ती मुलांच्या आणि जनावरांच्या तोंडापासून दूर लावावी.

पाण्यासाठी झाडाजवळ साधे मातीचे मडके गळ्यापर्यंत पुरा, भरा, वर झाकण ठेवा. भोवतालची माती जशी सुकेल तसे ती मडक्यातून पाणी ओढून घेते. ओली असेल तर पाझर मंदावतो. सकाळी झाकण उचलून पाहा. पाणी किती उतरले, यावरून झाडाची तहान कळते. बादलीने ओतताना ती कधीच कळत नाही.