मुंबईची जुनी चित्रपटगृहे आणि जीर्णोद्धाराचा पेच

जुन्या चित्रपटगृहाचा जीर्णोद्धार हे देवळाच्या किंवा किल्ल्याच्या जतनापेक्षा वेगळ्या जातीचे काम आहे. किल्ला ओस पडला तरी तो पाहण्याजोगा राहतो. चित्रपटगृहात खेळ लागला नाही तर ती नुसती एक मोठी अंधारी खोली उरते. खेळ चालू राहावेत म्हणून प्रत्येक पिढीने त्या वास्तूत काही पाडलेले, काही वाढवलेले आणि बरेच काही रंगाखाली झाकलेले असते. त्यामुळे जीर्णोद्धार हाती घेणाऱ्या वास्तुतज्ज्ञासमोर पहिला प्रश्न उभा राहतो तो खर्चाचा नसून काळाचा असतो: ही इमारत तिच्या कोणत्या वयाला परत न्यायची? चर्चगेट, मरीन लाइन्स आणि चर्नी रोड या पश्चिम रेल्वेच्या लागोपाठच्या तीन स्थानकांजवळ इरॉस, लिबर्टी आणि रॉयल ऑपेरा हाऊस या तीन वास्तू उभ्या असून तिघींनी या प्रश्नाची तीन निरनिराळी उत्तरे दिलेली आहेत.

वयाने सर्वांत वडील असलेले रॉयल ऑपेरा हाऊस मुळात चित्रपटांसाठी बांधलेलेच नव्हते. मॉरिस बँडमन हा कलकत्त्याचा नाट्यव्यावसायिक आणि जहांगीर फ्रामजी काराका हे मुंबईचे पारशी व्यापारी या दोघांनी 1908 च्या सुमारास या नाट्यगृहाची कल्पना मांडली. 1911 मध्ये पाचवा जॉर्ज हिंदुस्थानात आला तेव्हा बांधकाम अपुरे असतानाच त्याच्या हस्ते उद्घाटन उरकण्यात आले आणि 1912 पासून प्रयोग सुरू झाले. इमारतीची शैली बरोक आहे. बरोक म्हणजे सतराव्या शतकात युरोपात बहरलेली, वळणदार कमानी, भरगच्च गिलाव्याचे नक्षीकाम आणि सोनेरी छटा यांवर भर देणारी शैली. मुंबईच्या कारागिरांनी ती आपल्या हातवळणाने घडवली. छताची रचना अशी केलेली आहे की रंगमंचावरचा शब्द वरच्या गॅलरीत बसलेल्या श्रोत्यापर्यंतही स्पष्ट पोहोचावा, आणि ध्वनिवर्धक नसलेल्या त्या काळात ही गोष्ट शोभेपेक्षा कितीतरी महत्त्वाची होती. गिरगावच्या अगदी शेजारी असल्यामुळे मराठी संगीत रंगभूमीनेही हा मंच आपलासा केला. बालगंधर्व आणि मास्टर दीनानाथ यांच्यासारखे गायक-नट येथे गायले आणि पुढे पृथ्वीराज कपूर यांच्या पृथ्वी थिएटर्सचे प्रयोगही येथे झाले.

मूकपट येथे लवकरच दाखवले जाऊ लागले होते. 1930 च्या दशकात मात्र वास्तूचे रीतसर चित्रपटगृहात रूपांतर झाले. नाटक आणि चित्रपट यांना लागणारी बैठक एकसारखी नसते. नाटकगृहात रंगमंचालगतचे खासगी कक्ष, ज्यांना बॉक्स म्हणत, मानाचे समजले जात, कारण तेथून नट जवळून दिसे आणि कक्षात बसलेला श्रीमंत प्रेक्षकही सर्वांना दिसे. तेथून पडदा पाहिला तर चित्र तिरके आणि ताणलेले दिसते. त्यामुळे असे कक्ष निरुपयोगी ठरून काढले गेले आणि सारी आसने पडद्याकडे तोंड करून बसवली गेली. 1952 मध्ये गोंडलच्या राजघराण्याने ही वास्तू घेतली. दूरचित्रवाणी आणि व्हिडिओ यांनी प्रेक्षक घरी बसवल्यावर चालवणे परवडेनासे झाले आणि 1993 मध्ये दारे बंद झाली. दोन दशकांहून अधिक काळ ‘ऑपेरा हाऊस’ हे नाव मुंबईकरांच्या तोंडी राहिले ते प्रामुख्याने एका वस्तीचे आणि बसथांब्याचे नाव म्हणून.

2012 मध्ये वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडाने धोक्यातील वारसास्थळांच्या आपल्या यादीत या वास्तूचा समावेश केला, आणि आभा नारायण लांबा यांच्या देखरेखीखाली झालेल्या जीर्णोद्धारानंतर ऑक्टोबर 2016 मध्ये ती पुन्हा उघडली. पुढच्याच वर्षी युनेस्कोच्या आशिया-प्रशांत वारसा पुरस्कारांत तिची दखल घेतली गेली. अशा कामात भिंतीवरचे रंगाचे थर एकेक करून खरवडून मूळ छटा शोधावी लागते, गळून पडलेल्या नक्षीचा साबूत तुकडा हाती लागला की त्यावरून साचा काढून उरलेली नक्षी ओतावी लागते, आणि जेथे काहीच शिल्लक नसते तेथे जुन्या छायाचित्रांवर विसंबावे लागते. नाहीसे झालेले कक्ष येथे जुन्या छायाचित्रांच्या आधारे पुन्हा उभारण्यात आले. म्हणजेच ऑपेरा हाऊसने आपल्या पहिल्या, नाटकाच्या वयाला परत जाणे पसंत केले. निर्णय समर्थनीय आहे, कारण भारतात टिकून राहिलेले हे एकमेव ऑपेरागृह मानले जाते. मात्र या निवडीची एक किंमत आहे आणि तिचा उच्चार फारसा होत नाही: जवळजवळ सहा दशके ज्या सामान्य गिरगावकराने येथे तिकीट काढून चित्रपट पाहिले, त्याच्या आठवणीतले सभागृह आता कोठेही उरलेले नाही.

इरॉसची कथा दुसऱ्याच काळात सुरू होते. बॅकबेवर समुद्र हटवून मिळवलेल्या जमिनीवर, चर्चगेट स्थानकासमोरच्या कोपऱ्यावर, शियावक्स कंबाटा यांनी ही इमारत उभारली आणि सोराबजी भेदवार यांनी तिचा आराखडा केला. फेब्रुवारी 1938 मध्ये ती खुली झाली. ही आर्ट डेको शैलीतली वास्तू आहे. 1925 च्या पॅरिस प्रदर्शनानंतर जगभर पसरलेल्या या शैलीत पायऱ्यापायऱ्यांनी वर चढत जाणारे मनोरे, गोलाई दिलेले कोपरे, आडवे पट्टे आणि सूर्यकिरण, कारंजी, लाटा यांसारख्या आकृती वारंवार दिसतात. ती मुंबईत रुजली यामागे नुसती हौस नव्हती. सिमेंट काँक्रीटमध्ये लोखंडी सळ्या घालून बांधण्याचे तंत्र त्याच सुमारास हाती आले होते, आणि या तंत्रामुळे मध्ये एकही खांब न उभारता शेकडो माणसांचा भार पेलणारी बाल्कनी पुढे झेपावत नेता येऊ लागली. आधीच्या नाट्यगृहांत खांबाआड बसावे लागणाऱ्या प्रेक्षकाला हा बदल किती मोठा वाटला असेल, हे सहज समजण्यासारखे आहे.

इरॉसचे दोन बाहू दोन रस्त्यांना लगटून मागे जातात आणि कोपऱ्यावरच्या गोल मनोऱ्यात एकत्र येतात. दर्शनी भागात आग्र्याचा तांबडा वालुकाश्म आहे, बाकीची इमारत फिकट पिवळसर आहे. आत शिरताच काळ्या-पांढऱ्या संगमरवराची फोयर, म्हणजे प्रवेशदालन, लागते आणि चकचकीत क्रोमियमच्या कठड्यांचे जिने वर जातात. 2018 मध्ये मुंबईतील व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको इमारतींच्या समूहाला जागतिक वारसास्थळाचा दर्जा मिळाला, त्या समूहात इरॉसचाही समावेश आहे. काही वर्षे बंद राहिल्यानंतर 2024 मध्ये ते पुन्हा सुरू झाले, पण मूळ बाराशे आसनांच्या जागी सुमारे तीनशे आसनांचे आयमॅक्स सभागृह घेऊन. आयमॅक्स म्हणजे नेहमीपेक्षा खूप मोठा, प्रेक्षकाची दृष्टी व्यापून टाकणारा पडदा आणि त्याला साजेशी ध्वनियोजना. बाह्यांग आणि फोयर पूर्वीच्या घाटाचे, सभागृह पूर्णपणे आजचे, अशी ही तडजोड आहे. काटेकोर जतनवाद्याला ती खटकेल. परंतु ज्या इमारतीचे पुढे काय होणार याची काळजी शहर वाहत होते, तिच्यात आज रोज खेळ होतात ही गोष्ट त्या आक्षेपापेक्षा वजनदार ठरते. इरॉसपासून थोड्याच अंतरावरच्या मेट्रोने, म्हणजे हॉलिवूडच्या एमजीएम कंपनीने 1938 मध्येच बांधलेल्या चित्रपटगृहाने, 2006 मध्ये अनेक पडद्यांचे मल्टिप्लेक्स होऊन हाच मार्ग आधी चोखाळला होता.

लिबर्टी या तिघींत धाकटी, आणि जवळून पाहण्यासारखे सर्वाधिक तिच्यातच आहे. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर हबीब हुसेन यांनी तिची उभारणी सुरू केली, आणि नव्या स्वातंत्र्याचे स्मरण म्हणून तिचे नाव ठेवले. मार्च 1949 मध्ये मेहबूब खान यांच्या ‘अंदाज’ने ती उघडली. रीगल, मेट्रो, इरॉस ही जवळपासची आलिशान चित्रपटगृहे तेव्हा इंग्रजी चित्रपटांची होती, हिंदी चित्रपट साध्या गृहांत लागत. हिंदी चित्रपटालाही तेवढ्याच थाटाचे घर हवे, ही लिबर्टीमागची भूमिका होती आणि देशाच्या त्या वर्षांत ती फार अर्थपूर्ण होती. आरंभीचे वास्तुविशारद रिडली अ‍ॅबट यांच्या निधनानंतर काम जे. बी. फर्नांडिस यांनी पुरे केले. अंतर्गत सजावट मात्र वामन नामजोशी या मराठी कलावंताची. जयपूरचे 1976 मध्ये उघडलेले राजमंदिर हे प्रख्यात चित्रपटगृहही त्यांनीच घडवले, तरी मराठी वाचकाला त्यांचे नाव अपरिचित राहावे ही खंत वाटण्याजोगी गोष्ट आहे.

नामजोशींचे काम पाहायचे तर दिवे लागलेले असताना पाहावे. पडद्याच्या दोन्ही अंगांना गोठलेल्या कारंज्याची आकृती वर उसळलेली आहे: गिलाव्यात घडवलेले पाण्याचे झोत टप्प्याटप्प्याने चढतात, शिरोभागी वळून उलगडतात आणि त्यांच्या कडांमागे दडवलेल्या दिव्यांचा उजेड थेट डोळ्यांत न येता भिंतीवरून परावर्तित होऊन खाली झिरपतो. छतही असेच थरांनी रचलेले असून प्रत्येक थराच्या मागे प्रकाशाची पट्टी आहे. बर्मा सागवान आणि कॅनडाहून आणलेले पांढरे सीडर यांचे तक्तपोशीचे काम भिंतींना आहे. ते पाहताना नजर सुखावते, आणि शिवाय लाकडाचे असे अस्तर आवाजाचा घुमारा आवरायलाही हातभार लावते, त्यामुळे संवाद अस्पष्ट होत नाहीत. एका मोठ्या दालनात जवळजवळ बाराशे माणसे एकाच चित्राकडे पाहत बसतात तेव्हा हसण्याची लाट स्टॉलमधून उठून बाल्कनीपर्यंत कशी जाते, हे दीडशे आसनांच्या मल्टिप्लेक्समध्ये अनुभवता येत नाही. 1994 मध्ये लागलेला ‘हम आपके हैं कौन’ येथे शंभराहून अधिक आठवडे चालला, त्यात चित्रपटाइतकाच या दालनाचाही वाटा होता असे म्हणणे अतिशयोक्त ठरणार नाही.

लिबर्टीला परत कोठे जावे लागलेच नाही, कारण तिच्या मालकांनी तिचे मूळ रूप हरवू दिले नाही. उलट तिची अडचण अशी की रूप शाबूत असूनही चित्रपटांचे नित्याचे खेळ मागे पडले आणि तिला वेळोवेळी होणाऱ्या महोत्सवांवर, कार्यक्रमांवर व चित्रीकरणांवर विसंबावे लागले.

या सर्व जीर्णोद्धारांत एक दालन मात्र जवळजवळ नेहमी वगळले जाते, ते म्हणजे प्रोजेक्टरची केबिन. पस्तीस मिलिमीटरच्या फिल्मवर सेकंदाला 24 चित्रे सरकतात. दोन हजार फुटांचे एक रीळ साधारण 22 मिनिटे पुरते. खेळ अखंड दिसावा म्हणून केबिनमध्ये दोन प्रोजेक्टर शेजारी शेजारी असत आणि रीळ संपत आले की चित्राच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात क्षणभर एक ठिपका उमटे. पहिल्या ठिपक्याला ऑपरेटर दुसरे यंत्र चालू करी आणि काही सेकंदांनी आलेल्या दुसऱ्या ठिपक्याला प्रकाश एका यंत्रावरून दुसऱ्यावर वळवी. जुन्या यंत्रांत उजेड दोन कार्बन कांड्यांमध्ये पेटलेल्या विजेच्या ज्योतीतून मिळे. कांड्या जळून आखूड होत, त्यामुळे त्यांच्यातले अंतर सतत सांभाळावे लागे. थोडे दुर्लक्ष झाले की पडदा मंद किंवा पिवळट पडे आणि स्टॉलमधून शिट्ट्या सुरू होत. डिजिटल प्रक्षेपण आल्यावर ही विद्या एका पिढीत नाहीशी झाली. गिलाव्याची नक्षी छायाचित्रावरून पुन्हा घडवता येते, पण ऑपरेटरचा हात तसा घडवता येत नाही. म्हणून निदान एक जोडी प्रोजेक्टर चालू स्थितीत राखणे आणि वर्षातून काही खेळ फिल्मवर दाखवणे हे जीर्णोद्धाराच्या आराखड्यातच यायला हवे.

मुंबईबाहेर पाहिले तर पुण्याचे उदाहरण बोलके आहे. अप्पा बळवंत चौकाजवळ 1934 मध्ये किबे घराण्याने बांधलेले आणि प्रभात फिल्म कंपनीने चालवलेले ‘प्रभात’ अनेक दशके मराठी चित्रपटाचे हक्काचे घर होते. 2014 च्या अखेरीस करार संपून ते बंद झाले आणि नंतर मूळ मालकांनी ते ‘किबे लक्ष्मी’ या नावाने पुन्हा सुरू केले. याउलट गिरगावातले मॅजेस्टिक, जेथे 1931 मध्ये ‘आलम आरा’ हा पहिला भारतीय बोलपट लागला, ते पाडले गेले आणि आज तेथे दुकानांची इमारत उभी आहे. चित्रपटगृहाच्या जागी नवे बांधकाम करताना त्यात चित्रपटगृहासाठी काही जागा राखावी, अशी अट महाराष्ट्राच्या विकास नियमांत आहे आणि ती शिथिल व्हावी अशी मालकांची मागणी जुनीच आहे. त्यांची अडचण खरी आहे: एका पडद्याच्या मोठ्या गृहाचा वीज, देखभाल व कर्मचारी यांवरचा खर्च प्रेक्षक निम्मे असले तरी निम्मा होत नाही. इरॉसने इमारतीच्या बाकीच्या मजल्यांच्या भाड्याचा आधार घेतला, ऑपेरा हाऊसला संस्थानी घराण्याचे पाठबळ मिळाले. ज्या गृहांना यांपैकी काहीच नाही, त्यांच्यासाठी पाडण्याच्या परवानगीपेक्षा दुरुस्तीचे स्वस्त कर्ज आणि मालमत्ता करातली सूट अधिक उपयोगी पडेल.