लंडन ते सिडनी, कमी पैशांत

१९७२ च्या उन्हाळ्यात टोनी आणि मॉरीन व्हीलर हे तरुण जोडपे एका जुन्या मिनी व्हॅनमधून लंडनहून निघाले. व्हॅन ६५ पौंडांना घेतलेली होती. टोनी इंजिनिअर, मोटारींच्या कारखान्यात काही काळ काम करून त्यांनी लंडन बिझनेस स्कूलचे शिक्षण पुरे केले होते. मॉरीन बेलफास्टच्या, विसाव्या वर्षी लंडनला आलेल्या. १९७० मध्ये रीजंट्स पार्कमधल्या बाकावर दोघांची ओळख झाली आणि पुढच्याच वर्षी लग्न झाले. फोर्ड कंपनीने देऊ केलेल्या नोकरीवर रुजू होणे टोनींनी वर्षभर पुढे ढकलून घेतले. आशिया खंड शक्य तेवढा जमिनीवरून ओलांडायचा, ऑस्ट्रेलियात थोडे कमवायचे आणि परत यायचे, एवढाच बेत होता. पाठीवर सॅक टाकून महिनोन्‌महिने परदेशात फिरणाऱ्या आजच्या जोडप्यांची रीत समजून घ्यायची, तर या प्रवासापासून सुरुवात करणे योग्य ठरते. त्यात पुढचे जवळजवळ सगळेच दिसून येते.

ते ज्या वाटेने आले ती त्या काळी रुळलेली होती. युरोपातली तरुण मुले इस्तंबूलला जमत. सुलतानअहमत भागातल्या ‘पुडिंग शॉप’मध्ये एक सूचनाफलक होता. पूर्वेकडे जाणाऱ्या गाडीतली रिकामी जागा, हवा असलेला सोबती, मागून येणाऱ्या मित्रासाठी निरोप, असे सगळे त्यावर टाचलेले असे. तिथून तेहरान, मशहद, हेरात, कंदाहार आणि काबूल, मग खैबर खिंड उतरून पेशावर, लाहोर आणि अमृतसर. मीना प्रभूंची ‘तुर्कनामा’ आणि ‘गाथा इराणी’ वाचलेल्या मराठी वाचकाला यातली काही नावे परकी वाटणार नाहीत. भारतात शिरल्यावर वाटेला फाटे फुटत. एक काठमांडूच्या फ्रीक स्ट्रीटकडे जाई, दुसरा गोव्यात कळंगुट-हणजूणकडे. हणजूणचा बुधवारचा बाजार याच पाहुण्यांनी सुरू केला. पैसे संपत आले की ते कॅमेरा, रेडिओ, कपडे असे जवळचे किडूकमिडूक तिथे विकायला मांडत.

व्हीलर दांपत्याने आपली व्हॅन काबूलला विकली आणि पुढचा प्रवास मिळेल त्या वाहनाने केला. बालीहून ऑस्ट्रेलियाला त्यांना ‘सन पेडलर’ नावाच्या शिडाच्या नौकेत जागा मिळाली आणि पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या एक्समाउथजवळ ते किनाऱ्याला लागले. तिथून लिफ्ट मागत त्यांनी अख्खे खंड ओलांडले. २६ डिसेंबर १९७२ ला सिडनीत पोचले तेव्हा दोघांत मिळून २७ सेंट उरले होते.

एवढा पल्ला इतक्या थोड्या पैशांत कसा निभावतो? महाग असते ती घाई. दहा दिवसांत चार देश पाहायचे तर विमान, टॅक्सी आणि आगाऊ ठरवलेली हॉटेले लागतातच. हाताशी सहा महिने असले की तिथले लोक ज्या बसने जातात तीच बस चालते, दुपारची गाडी चुकली तर दुसऱ्या दिवशीची पकडता येते आणि एका गावात दोन आठवडे राहिले तर खोलीचे भाडेही कमी करून मिळते. रात्रीच्या गाडीने निघाले की त्या रात्रीचा मुक्काम वाचतो.

दोघांचा खर्च एकट्याच्या दुप्पट होत नाही, हे यातले दुसरे गणित. भाडे खोलीचे असते, माणसांचे नसते. रिक्षाचेही तसेच. शिवाय मनुष्यबळाचा फायदा आहेच. अनोळखी स्टँडवर एक जण दोन्ही सॅक पायाशी घेऊन बसतो. दुसरा मोकळ्या हातांनी तीन लॉज पाहतो, दर विचारतो, संडास-बाथरूम बघतो, पलंगावर हात दाबून पाहतो आणि येताना उद्याच्या बसची वेळ विचारून येतो. एकट्या प्रवाशाला हे सगळे ओझ्यासकट करावे लागते आणि बहुधा तो दमून पहिल्याच लॉजमध्ये शिरतो.

सगळ्यांत महाग पडते ती माहिती नसणे. सीमेवर नोटा कुठे बदलायच्या, कोणता व्हिसा कोणत्या शहरात लवकर मिळतो, शेवटची बस किती वाजता सुटते, हे ठाऊक नसले की पैसे गळतात. रंगूनचे उदाहरण त्या पिढीत प्रसिद्ध होते. ब्रह्मदेशात परक्यांना विमानानेच जावे लागे आणि राहायला सातच दिवस मिळत. जाणकार प्रवासी वाटेतल्या विमानतळावरून करमुक्त व्हिस्कीची एक बाटली आणि सिगारेटचा एक कार्टन घेत आणि रंगूनला उतरताच विकून टाकत. त्यातून आठवड्याचा बराचसा खर्च भागे. अशी माहिती पुस्तकांत नव्हती. ती चहाच्या टपरीवर, धर्मशाळेच्या ओसरीवर एकमेकांना सांगितली जाई. लंडनच्या ‘बिट’ या मदतकेंद्राने स्टेन्सिलवर काढलेली पानेही हातोहात फिरत.

सिडनीत भेटणारा प्रत्येक जण व्हीलर दांपत्याला तेच विचारू लागला: कसे गेलात, किती लागले? त्या उत्तरांचेच पुस्तक झाले. स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून दोघांनी पाने जुळवली, स्टेपल मारले, कडा कापल्या. ‘अक्रॉस एशिया ऑन द चीप’ हे शंभराच्या आतल्या पानांचे पुस्तक १९७३ मध्ये निघाले. किंमत एक डॉलर ऐंशी सेंट. पहिल्या दीड हजार प्रती थोड्याच दिवसांत संपल्या. ‘लोनली प्लॅनेट’ या प्रकाशनसंस्थेचा जन्म तिथे झाला. त्या पुस्तकाचे मोल त्याच्या बेधडकपणात आहे. काय चांगले, काय टाळावे, कुठे फसवणूक होते, हे त्यात स्वतः जाऊन आलेल्या माणसाच्या अधिकाराने सांगितले होते.

पुढचा मोठा प्रवास दोघांनी २५० सीसीच्या यामाहा मोटरसायकलवर आग्नेय आशियात केला आणि सिंगापुरातल्या एका स्वस्त हॉटेलच्या खोलीत बसून दुसरे पुस्तक लिहिले. १९७५ चे ते ‘साउथ-ईस्ट एशिया ऑन अ शूस्ट्रिंग’ पिवळ्या मुखपृष्ठामुळे सॅकवाल्यांच्या हाती ओळखू येऊ लागले. १९८१ मध्ये आलेल्या सुमारे सातशे पानांच्या भारतविषयक मार्गदर्शकाने संस्था खऱ्या अर्थाने उभी राहिली. पुढे मुले झाली तरी फिरणे थांबले नाही. ती दोन्ही पोरे बरोबर नेण्याच्या अनुभवातून मॉरीन यांचे ‘ट्रॅव्हल विथ चिल्ड्रन’ १९८५ मध्ये निघाले. २००७ मध्ये दोघांनी संस्थेचा ७५ टक्के हिस्सा बीबीसीच्या व्यवसाय शाखेला विकला आणि उरलेला २०११ मध्ये.

या पुस्तकांची दुसरी बाजूही आहे आणि ती झाकून ठेवण्यासारखी नाही. छापून आलेल्या लॉजसमोर रांगा लागतात, भाडे चढते आणि बाजूचे तितकेच चांगले घर रिकामे राहते. काटकसरीचा कस लावताना गरीब दुकानदाराशी शेवटच्या नाण्यासाठी हुज्जत घालणारे प्रवासीही याच परंपरेत तयार झाले. कमी खर्चात राहणे निराळे आणि दुसऱ्याच्या पोटावर पाय देणे निराळे, हा फरक दीर्घ प्रवासात रोज पाळावा लागतो.

ती मूळ वाट १९७९ मध्ये तुटली. वर्षाच्या सुरुवातीला इराणात क्रांती झाली आणि डिसेंबरात सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या.

त्याच काळातल्या पुण्या-मुंबईच्या जोडप्याला असा प्रवास करणे जवळजवळ अशक्य होते. परदेशी चलनाची देशात इतकी चणचण होती की बाहेर जाणाऱ्या साध्या प्रवाशाच्या हातात एके काळी आठ डॉलर पडत. तिकीट काढायलाही ‘पी फॉर्म’वर रिझर्व्ह बँकेची मंजुरी लागे. मराठी माणूस परदेशी जाई तो शिकायला, नोकरीला किंवा तिथल्या नातेवाइकांच्या भरवशावर. २००४ मध्ये रिझर्व्ह बँकेने माणशी वर्षाला २५,००० डॉलर बाहेर नेण्याची मुभा दिली. २०१५ पासून ती मर्यादा अडीच लाख डॉलर झाली. चलनाची अडचण संपली. आता आडवा येतो तो व्हिसा. युरोपातल्या शेंगेन देशांसाठी २०२४ पासून प्रौढ व्यक्तीला ९० युरो शुल्क आहे, म्हणजे जोडप्याचे १८० युरो घर सोडण्याआधीच जातात. कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसच राहता येते आणि अर्जासोबत परतीचे तिकीट, मुक्कामाचे तपशील, बँकेचे स्टेटमेंट जोडावे लागते. पुढचे गाव वाटेत ठरवायचे, ही सॅकवाल्यांची मूळ रीत या कागदांत बसत नाही. म्हणून भारतीय जोडप्यांचे लांब प्रवास बहुधा आग्नेय आशियात सुरू होतात, जिथे व्हिसा मिळवणे सोपे आणि राहणे-खाणे स्वस्त आहे. तिथे हॉस्टेलच्या सामायिक स्वयंपाकघरात पातेल्यात लावलेली मुगाची खिचडी शाकाहारी जोडप्याचा रोजचा खर्च बराच खाली आणते.

शेतावर काम करून राहण्या-जेवणाची सोय मिळवण्याची पद्धतही रुजली आहे. ‘वूफ’ ही तिची सर्वांत जुनी चळवळ १९७१ मध्ये इंग्लंडमध्ये सुरू झाली. यात सावध राहावे लागते, कारण पगार नसला तरी असे काम अनेक देश नोकरीतच धरतात आणि पर्यटक व्हिसावर ते चालत नाही. विम्यावर मात्र पैसे वाचवू नयेत. शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचे वैद्यकीय संरक्षण सक्तीचे आहे. इतरत्र सक्ती नसली तरी परक्या देशातल्या एका शस्त्रक्रियेत दोघांची अनेक महिन्यांची काटकसर संपू शकते.