भोक पाडण्याआधी

घरी दुर्बीण बनवणारा माणूस आरसा घासताना फार जपतो. आठवडेच्या आठवडे काचेवर काच फिरवतो, कार्बोरंडमचा एक जाड कण राहिला तरी अस्वस्थ होतो. चूक होते ती शेवटी, नळीला फोकसरचं, म्हणजे आयपीस धरून आतबाहेर सरकणाऱ्या भागाचं, भोक पाडताना.

न्यूटनने १६६८ साली पहिली यशस्वी परावर्ती दुर्बीण बनवली. मोठ्या आरशाने गोळा केलेला प्रकाश नळीतच एकवटला, तर तो पाहायला डोकं आत घालावं लागेल आणि तारा झाकला जाईल. म्हणून त्याने ४५ अंशांत एक छोटा सपाट आरसा बसवून किरण बाजूला वळवले. आजही रचना तीच आहे. नाभीय अंतर, म्हणजे मुख्य आरशापासून ताऱ्याच्या प्रतिमेपर्यंतचं अंतर, जणू कोपरात वाकलेला हात: एक भाग नळीच्या लांबीत, दुसरा बाजूला वळलेला. एक वाढला की दुसरा तेवढाच घटतो.

२०० मिलिमीटर व्यासाचा, १२०० मिलिमीटर नाभीय अंतराचा आरसा घ्या. नळीच्या मध्यापासून बाहेरच्या पृष्ठापर्यंत ११८, पूर्ण खाली बसलेल्या फोकसरची उंची ८०, आणि आयपीस पुढेमागे सरकवायला १२ मिलिमीटर राखीव. बेरीज २१०. म्हणजे तिरपा आरसा मुख्य आरशापासून ९९० मिलिमीटरवर, आणि भोक त्याच्या बरोबर समोर. फोकसर बुटका असेल तर तिरपा आरसाही लहान चालतो, प्रकाश कमी अडतो. डोळ्याने पाहणाऱ्याने बुटकाच घ्यावा, असं माझं मत आहे.

कॅमेऱ्याचं गणित वेगळं. कॅमेरा दुर्बिणीला जोडणारं कडं, म्हणजे टी-रिंग, लावलं की सेन्सर त्या कड्याच्या तोंडापासून ५५ मिलिमीटर मागे असतो. वरच्या दुर्बिणीत प्रतिमा फोकसरच्या तोंडाबाहेर १२ मिलिमीटरवरच तयार होते, सेन्सरपर्यंत पोचतच नाही. मग मुख्य आरसा निदान ४३ मिलिमीटर पुढे सरकवणं आलं.

या साऱ्या हिशेबात १२०० हा आकडा खरा हवा. पुण्यात आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या कार्यशाळांत अनेक हौशी मंडळींनी स्वतःच्या हातांनी आरसे घासले आहेत. हाताने घासलेल्या आरशाचं नाभीय अंतर ठरवल्याप्रमाणेच उतरेल याची खात्री नसते. आरशाचा आकार तपासणाऱ्या फूकोच्या चाचणीत दिवा आणि किरण अडवणारं पातं जिथे शेजारी-शेजारी येतात, आरशापासून तिथपर्यंतचं अंतर टेपने मोजून निम्मं करावं. कागदावर योजलेल्या आकड्यावर भोक पाडू नये.

आणखी एक फसगत मी पुन्हा पुन्हा पाहिली आहे. दिवसा शंभर मीटरवरच्या पाण्याच्या टाकीवर दुर्बीण लावतात, टाकी स्वच्छ दिसते, सगळे खूश. रात्री तारा मात्र जुळत नाही. कारण शंभर मीटरवरच्या वस्तूची प्रतिमा ताऱ्याच्या प्रतिमेपेक्षा सुमारे साडेचौदा मिलिमीटर बाहेर पडते. ताऱ्यासाठी फोकसर तेवढा आत जायला हवा, आणि आपण राखले होते बारा!

ही फसगत टाळायला चंद्र आहे. मुख्य आरसा आणि तिरपा आरसा तात्पुरते लाकडी पट्टीवर बसवा, चंद्राकडे रोखा आणि बटर पेपरचा तुकडा बाजूला येणाऱ्या किरणांत पुढेमागे सरकवा. सुमारे ११ मिलिमीटरचा चंद्र जिथे रेखीव उमटेल, तेच नाभीय प्रतल. तिरप्या आरशाच्या मध्यापासून तिथपर्यंतचं अंतर मोजा. तीनदा मोजून सरासरी घ्या. सूर्यावर हा प्रयोग कधीही करू नका. डोळा कायमचा जाईल.

ते माप वहीत उतरल्याशिवाय नळीला ड्रिल लावू नका.