भांडवल पर्याप्तता

बँक किंवा अन्य वित्तसंस्था हिच्या जिंदगीतील जोखमीच्या मानाने तिच्यापाशी स्वतःचे किमान किती भांडवल असावे, हे ठरविणारा दंडक. कर्ज बुडाल्यास पहिला आघात ठेवीदारांवर न होता मालकांच्या निधीवर व्हावा, हा त्याचा हेतू होय. बाझेल समितीने १९८८ मध्ये जोखीमभारित जिंदगीच्या ८ टक्के हे प्रमाण सुचविले. भारतात नरसिंहम् समितीच्या अहवालानंतर (१९९१) रिझर्व्ह बँकेने ते १९९२ पासून लागू केले व पुढे ९ टक्क्यांवर नेले. नागरी सहकारी बँकांना हा दंडक २००२ पासून टप्प्याटप्प्याने लावण्यात आला.

दंडकाचे मर्म जोखीमभारात आहे. चाकण येथील सुटे भाग बनविणाऱ्या कारखान्यास १०० टक्के भाराचे रु. १ कोटी कर्ज दिल्यास ९ टक्क्यांनी रु. ९ लाख भांडवल अडकते. तीच रक्कम सरकारी रोख्यांत गुंतविल्यास नाममात्रच अडकते. पिंपरी-चिंचवड पट्ट्यातील लघुउद्योगांना कर्जे देणाऱ्या सहकारी बँकांची अडचण येथेच सुरू होते. त्यांचे भाग दर्शनी किंमतीलाच दिले व परत घेतले जातात. शेअरबाजार त्यांना खुला नाही. कर्जदाराने तारणी कर्जाच्या २·५ टक्के, विनातारण कर्जाच्या ५ टक्के भाग घ्यावेत, असा प्रघात आहे. म्हणजे वरील कर्ज तारणी असल्यास त्याबरोबर रु. २·५ लाख येतात, उरलेले रु. ६·५ लाख संचित नफ्यातूनच काढावे लागतात. रु. १०० कोटींहून अधिक ठेवींच्या बहुतेक नागरी बँकांना १२ टक्क्यांची पातळी गाठण्यास रिझर्व्ह बँकेने मार्च २०२६ अखेरची मुदत दिल्याने ही तूट आणखी रुंदावली.

याउलट आकुर्डी येथे नोंदणीकृत कार्यालय असलेल्या बजाज फायनान्ससारख्या बँकेतर कंपनीस १५ टक्के प्रमाण राखावे लागते, पण भांडवल बाजारातून मिळते. नोव्हेंबर २०२३ मध्ये ग्राहककर्जांचा भार १०० वरून १२५ टक्के झाला. त्याच महिन्यात या कंपनीने संस्थात्मक गुंतवणूकदारांकडून सुमारे रु. ८,८०० कोटी उभारले.

अशा संस्थांना मार्गदर्शन करणारे सनदी लेखापाल व जोखीमतज्ज्ञ भार अचूक लावणे, दीर्घ मुदतीच्या दुय्यम ठेवी उभारणे, लाभांश आवरणे इ. उपाय सुचवितात. पुण्यातील राष्ट्रीय बँक व्यवस्थापन संस्था बँक अधिकाऱ्यांना प्रशिक्षण देते. तथापि थकित कर्ज चालू दाखवून राखलेले प्रमाण हे केवळ कागदी असते (मार्चअखेरीस ते उजळ दिसते, एवढेच). थकबाकी उघड होताच तरतुदीपायी गंगाजळी आटते आणि भांडवल उणेही होऊ शकते. पिंपरीच्या सेवा विकास सहकारी बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०२२ मध्ये रद्द केला, तेव्हा पुरेसे भांडवल व मिळकतीची शक्यता नसणे ही कारणे दिली होती. ठेव विम्याच्या रु. ५ लाखांच्या मर्यादेमुळे सुमारे ९९ टक्के ठेवीदार पूर्ण रकमेस पात्र ठरले. उरलेल्यांना मर्यादेवरील रकमेसाठी अवसायकाच्या वसुलीवर विसंबावे लागते.