तेलाची वाट (भाग ४) : केशरी रंग जातो कुठे?

गेल्या आठवड्यात आपण मलेशियातल्या गिरणीत पामची फळं वाफवून पिळताना पाहिली. तिथून निघालेलं कच्चं तेल कांडला, काकिनाडा, हल्दिया अशा बंदरांवर जहाजानं येतं. साध्या तापमानाला ते अर्धवट थिजतं, त्यामुळे जहाजाच्या टाक्यांत ते गरम ठेवावं लागतं. ते गडद केशरी असतं, कारण किलोमागे ५०० ते ७०० मिलिग्रॅम कॅरोटीन त्यात असतं. शिवाय शेकडा ३ ते ५ मुक्त स्निग्धाम्लं, थोडा गोंद, ओल आणि लोखंडाचे अंश.

रिफायनरीत पहिल्यांदा गोंद काढतात. तेल ८०-९० अंशांपर्यंत तापवून त्यात किंचित फॉस्फोरिक आम्ल घालतात, की गोंद वेगळा होतो. सोयाबीन तेलात आम्लं कमी, म्हणून ती कॉस्टिक सोड्यानं साबण करून काढता येतात. पामतेलात आम्लं इतकी जास्त, की साबणाबरोबर चांगलं तेलही वाहून जाईल. म्हणून इथे ती शेवटी वाफेनं उडवतात.

त्याआधी ब्लीचिंग. तेलात शेकडा एकच्या आसपास खास प्रक्रिया केलेली माती मिसळून ते सुमारे अर्धा तास साधारण १०० अंशांवर घुसळतात, तेही निर्वात टाकीत, कारण गरम तेलाला हवा लागली की ते खवटतं. माती गोंदाचा गाळ, धातूंचे अंश आणि बराचसा रंग धरून ठेवते. गाळून काढलेली ही तेलकट माती उघड्यावर ढीग करून ठेवली, तर आपोआप तापून पेट घेऊ शकते.

खरी कसोटी डिओडरायझरमध्ये. उंच टाकीत तेल २४०-२६० अंशांवर, हवेचा दाब जवळजवळ शून्यावर आणलेला, आणि तळातून वाफ सोडलेली. आम्लं आणि वास वाफेबरोबर वर जातात; थंड करून गोळा केलेली ही आम्लं साबण कारखान्यांना विकली जातात. उरलेलं कॅरोटीन या उष्णतेनं मोडतं. केशरी तेल फिकट पिवळं होतं, मुक्त आम्लं शेकडा ०.१ च्या आसपास उरतात. जीवनसत्त्व 'अ' ज्यापासून बनतं, ते कॅरोटीनही त्याच फेरीत जातं.

याच तापमानाला ग्लिसिडिल एस्टर तयार होतात. शरीरात त्यांपासून सुटणारा ग्लिसिडॉल संभाव्य कर्करोगकारक मानला जातो; युरोपीय संघानं २०१८ मध्ये खाद्यतेलात त्यांना किलोमागे १ मिलिग्रॅमची मर्यादा घातली. कारखाना तापमान उतरवू शकतो, पण तेलात आम्लं कमी असतील तरच. आणि ती वाढतात फळ चेचलं किंवा तोडणीनंतर रखडलं की. म्हणून मला वाटतं, शुद्ध तेलाची पहिली जबाबदारी बागेवर आहे. तोडलेला घड त्याच दिवशी गिरणीत पोचवणं हेच सर्वांत स्वस्त आणि सर्वांत चांगलं शुद्धीकरण.

पुढच्या आठवड्यात : हेच तेल सावकाश थंड करून पामोलिन आणि स्टिअरिन वेगळं कसं करतात.