अमेरिकेचे चांदीचे डॉलर : दुर्मिळता आणि मूल्यनिर्धारण

नाण्याचे संग्रहमूल्य ठरविताना प्रथम आधार घेतला जातो तो टांकसाळीने नोंदविलेल्या उत्पादनसंख्येचा. विसाव्या शतकाच्या प्रारंभीच्या अमेरिकन चांदीच्या डॉलरबाबत मात्र हा आधार पुष्कळदा फसवा ठरतो. त्याचे कारण अंशतः आपल्याकडील मुंबई व कलकत्ता येथील टांकसाळींशी निगडित आहे.

‘मॉर्गन डॉलर’ १८७८ ते १९०४ या काळात व पुन्हा १९२१ मध्ये पाडला गेला. त्याचे वजन २६.७३ ग्रॅम असून त्यात ९० टक्के चांदी असते. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानात रुपयाची मागणी बेसुमार वाढली आणि १९१८ मध्ये नोटा परत करून रोख रुपये मागणाऱ्यांची रीघ लागली. ब्रिटनला चांदी पुरविता यावी म्हणून अमेरिकेने २३ एप्रिल १९१८ रोजी ‘पिटमन कायदा’ संमत केला. त्यान्वये २७,०२,३२,७२२ डॉलर वितळविण्यात आले. त्यांपैकी २५,९१,२१,५५४ डॉलरची चांदी हिंदुस्थानच्या चलनासाठी गेली. एका डॉलरमधील शुद्ध चांदीतून सुमारे सव्वादोन रुपये घडू शकत, हे लक्षात घेता या व्यवहाराची व्याप्ती ध्यानी येते. तथापि कोणत्या वर्षाची किती नाणी मुशीत गेली, याची नोंद ठेवली गेली नाही. त्यामुळे कागदावरील संख्या आणि शिल्लक नाणी यांचा संबंधच तुटला.

याची उलट बाजूही आहे. न्यू ऑर्लिन्स टांकसाळीचा १९०३ चा डॉलर दीर्घकाळ अतिदुर्मिळ समजला जाई. न वापरलेल्या नाण्याची सूचीतील किंमत दीड हजार डॉलरपर्यंत पोहोचली होती. १९६२ मध्ये सरकारी तिजोरीतील पोती बाहेर आली, तीत हीच नाणी निघाली आणि भाव कोसळला. दुर्मिळ मानलेले नाणे वस्तुतः केवळ कुलूपबंद होते!

पिटमन कायद्यानुसार वितळलेल्या डॉलरची भरपाई करणे बंधनकारक होते. त्यातूनच १९२१ चे मॉर्गन डॉलर आठ कोटींहून अधिक निघाले व त्याच वर्षी ‘पीस डॉलर’ सुरू झाला. साहजिकच १९२१ चा झिजलेला मॉर्गन चांदीच्या भावाहून फारसा वर जात नाही. फिलाडेल्फियाचा १९२८ चा पीस डॉलर (३,६०,६४९ नाणी) मात्र मोलाचा ठरतो.

धातूमूल्य ही किमतीची केवळ तळरेषा होय. त्यावर वर्ष, टांकसाळचिन्ह आणि नाण्याची अवस्था यांचे थर चढतात. अवस्थेसाठी विल्यम शेल्डन यांनी १९४९ मध्ये मांडलेली १ ते ७० अंकांची श्रेणी आज प्रमाण मानली जाते. चांदीची भांडी चिंच वा रांगोळीने उजळण्याची आपली सवय येथे घातक ठरते. अशा घर्षणाने टांकसाळीतील मूळ तजेला कायमचा जातो आणि जाणकार असे नाणे कमी भावानेच घेतो.

बनावट नाणे वजन व व्यास मोजून अनेकदा ओळखता येते. फेरफार केलेले अस्सल नाणे तसे ओळखता येत नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या १९२८ च्या डॉलरवरील ‘एस’ खरवडून तो फिलाडेल्फियाचा म्हणून विकल्याची उदाहरणे आहेत. म्हणून खरेदीपूर्वी मागील बाजूवरील चिन्हाची जागा भिंगाखाली, तिरप्या प्रकाशात तपासावी. तेथील पृष्ठभाग भोवतालच्या पृष्ठभागाहून वेगळा भासल्यास व्यवहार थांबविणे इष्ट.