मुंबईनंतर कोण?

लोकसंख्येच्या उतरत्या क्रमाने शहरे मांडली, तर दुसरे शहर पहिल्याच्या निम्मे आणि तिसरे एकतृतीयांश भरते, असा ढोबळ नियम जॉर्ज झिफ यांनी १९४९ च्या ग्रंथातून प्रसिद्धीस आणला. भारताला तो लागू पडत नाही. २०११ च्या जनगणनेत उपनगरांसह मुंबई १८४ लाखांची, दिल्ली १६३ लाखांची आणि कोलकाता १४१ लाखांची होती. देशात एकाच शहराचे वर्चस्व नाही, असाच याचा अर्थ.

महाराष्ट्रात मात्र चित्र नेमके उलटे दिसते. नियमाप्रमाणे पुणे ९२ लाखांचे आणि नागपूर ६१ लाखांचे असावयास हवे होते. प्रत्यक्षात ती ५० आणि २५ लाखांचीच भरली. बंदर, गिरण्या, बँका आणि राज्यकारभार एकाच बेटावर एकवटल्याचा हा परिणाम होय.

झिफ यांचा नियम म्हणजे काही निसर्गाचा कायदा नव्हे. परंतु जिल्ह्याच्या गावी पदवी घेतलेल्या तरुणास नोकरीसाठी मुंबई-पुण्याचीच गाडी धरावी लागते, तेव्हा या असमतोलाची किंमत त्याचे कुटुंब मोजत असते. मुंबईची वाढ रोखून हा तोल साधणार नाही. मधल्या शहरांत पाणी, वीज, रेल्वे आणि उद्योग पोहोचले, तरच तो साधेल, हे नियोजनकर्त्यांनी ध्यानी घ्यावयास हवे.